कुस्त्यांचा फड आणि त्याचा प्रेक्षक

परभणी जिल्ह्यांत रब्बीची सुगी आटोपून ज्वारी घरांत आली, म्हणजे जत्रांचे दिवस येतात. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू या बाजूच्या गांवोगांवच्या जत्रांत पालखी निघते, पाळणे फिरतात आणि दुपार कलतांच हलगी कडाडूं लागते. ती कुस्त्यांच्या फडाची हांक असते. शहरांतील सुशिक्षित मनुष्याला हा फड म्हणजे धूळ आणि आरडाओरड असें वाटण्याचा संभव आहे. परंतु तेथें फेटा बांधून उकिडवा बसलेला शेतकरी निव्वळ करमणुकीसाठीं आलेला नसतो. तो त्या मैदानाचा एक न्यायाधीशच असतो.

या भागांतील काळी जमीन वाळली कीं टणक होऊन भेगाळते. म्हणून फडाची माती आधीं खणून, ढेंकळें फोडून मऊ करावी लागते. आरंभीं लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या लागतात, नंतर नारळाच्या व रोख इनामाच्या, आणि दिवस मावळतीला मानाची शेवटची. पैलवान माती कपाळाला लावून शड्डू ठोकतो, त्या क्षणापासून जाणता प्रेक्षक पारख करूं लागतो. पाय कसे रोवले आहेत, दम कोणाचा टिकेल, ढाक बसेल कीं घिस्सा, हें तो शेजाऱ्याला आधींच सांगून टाकतो. पाठ मातीला टेकली कीं निकाल. मध्यंतरीं गुणांचा हिशेब नाहीं.

निकालाची ही ओढ जुनी आहे. १९१० सालीं लंडनमध्यें गामा पैलवानाशीं लढतांना पोलंडचा झ्बिश्को सुमारें अडीच तास बहुतेक पालथा पडून राहिला, आणि कुस्ती त्या दिवशीं निकालाविना सुटली. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. पहिल्या दिवशींचा प्रेक्षक कां कंटाळला असेल आणि दुसऱ्या दिवशींचा कां उसळला असेल, हें परभणीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं.

तथापि चिताड केव्हां होते, याहून कुस्ती खरी आहे कीं नाहीं, हा प्रश्न मोठा आहे. आधींच आपसांत ठरवून खेळलेल्या झुंजीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. पैलवान नुसते झोंबत राहिले, डाव टाकीनासे झाले, कीं गर्दींत कुजबूज होते आणि मग उघड ओरडा होतो. हा ओरडा क्रूर वाटला तरी निरर्थक नसतो. कोरडवाहू शेतावरचा बाप दूध, तूप व बदाम यांसाठीं पदरमोड करून मुलाला तालमींत ठेवतो. त्या खर्चाला हातभार लावणारी इनामाची रक्कम खोट्या झुंजींत वाटली गेली, तर खऱ्या मेहनतीचा घांसच हिरावला जातो.

पण याच गर्दीचा दोषही आहे. पंच जोड ठरवितात तेव्हां वजन, वय व तयारी पाहिली पाहिजे. चुरस दिसावी म्हणून कच्च्या पोराला मुरलेल्या गड्यापुढें ढकलण्याचा आग्रह प्रेक्षकच कधीं कधीं धरतात. मान दुखावली, गुडघा निखळला, तर टाळ्या वाजविणारा घरीं जातो आणि पोराचें आयुष्य मागें राहतें.

मातीवर घडलेल्या पोरांचा मार्ग आतां गादीकडेही जातो. खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. मराठवाड्याच्या लातूर भागांतील हरिश्चंद्र बिराजदार यांनीं १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें. १९६१ पासून सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’च्या स्पर्धेंत आज माती व गादी अशा दोन्ही विभागांतील विजेते अखेरीस समोरासमोर येतात.

अशा पैलवानांची पहिली परीक्षा बहुधा गांवच्या फडांतच होते, आणि परीक्षकांत प्रेक्षकही असतो. खऱ्या डावाला दाद, खोट्या डावाला नकार आणि हरलेल्या पोराच्या पाठीवर हात, एवढें त्यानें सांभाळलें, तर त्याचें फडावर येणें सार्थकीं लागलें असें म्हणावें.