साबणाचा रंग आणि मधाची साखर

घरीं साबण करणाऱ्या गृहिणीस एक अनुभव हटकून येतो. खोबरेलाचा शुभ्र साबण करण्याचा तिचा बेत असतो. गुण यावा म्हणून ती त्यांत चमचाभर मध घालते. आणि दुसऱ्या दिवशीं साच्यांतून वडी निघते ती तपकिरी! मध करपला, साबण बिघडला, असें तिला वाटतें. उलट बाजारांत तशीच वडी पाहून गिऱ्हाईक म्हणतें, हिच्यांत मध विपुल असला पाहिजे. दोन्ही समजुती सारख्याच फसव्या आहेत.

साखर करपून तांबडी होण्यास सुमारें १६० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. साबणाचें मिश्रण साच्यांत आपोआप तापतें खरें, पण तें सहसा पाण्याच्या उकळबिंदूखालींच राहतें. मग हा रंग येतो कोठून? तो येतो कॉस्टिक सोड्याच्या करणीनें. मधांत सुमारें ७० टक्के भाग फलशर्करा व द्राक्षशर्करा यांचा असतो. तीव्र क्षारांत ह्या शर्करा तग धरीत नाहींत. त्यांचे रेणू मोडतात, व त्यांचे तुकडे परस्परांशीं जुळून तपकिरी द्रव्यें बनतात. पूर्वीं वैद्यकांत मधुमेहाच्या परीक्षेसाठीं मूत्र क्षाराबरोबर तापवीत. तें पिंगट झालें कीं त्यांत साखर आहे असें ठरे. साच्यांत घडतें तें हेंच.

उसाची साखर मात्र निराळ्या घडणीची. तिच्यांत ह्याच दोन शर्करा अशा सांधलेल्या असतात कीं क्षारास सहसा शिरकाव मिळत नाहीं. म्हणून पारदर्शक साबणांत साखरेचा पाक घालतां येतो. दुधांतील दुग्धशर्करा मधाच्याच पंक्तींतली. त्यामुळें दुधाचा साबणही पिवळसर होतो. गूळ तर मुळांतच रंगीत.

उष्णता वाढली कीं रंग गडद होतो. म्हणून वडीचा गाभा काळसर व कडा फिक्या दिसतात. फिका रंग हवा असल्यास ५०० ग्रॅम तेलास एक लहान चमचा मध पुरे. तो थोड्या पाण्यांत विरघळवून, तेल व सोडा एकजीव झाल्यावरच घालावा, आणि साचा न गुंडाळतां गार जागीं ठेवावा. सोड्याच्या कढत पाण्यांत मध थेट ओतूं नये. तें एकदम तापून उसळतें, आणि उडालेला एक थेंबही डोळ्यास कायमचा अपाय करूं शकतो.

रंग हा साबणाचा दोषही नव्हे आणि गुणही नव्हे. तपकिरी वडी सर्वस्वीं निर्धोक असूं शकते, आणि दुधासारख्या शुभ्र वडींत त्वचा पोळणारा अधिक सोडा दडलेला असूं शकतो. ह्याचा निकाल साच्यांत लागत नाहीं. तो लागतो तराजूंत, तेलाच्या हिशेबानें सोडा काटेकोर तोलतांना. मधाच्या चमच्यापेक्षां गृहिणीचें लक्ष त्या कांट्याकडे असावें, हें बरें.