खाड्यांचा हिशेब



आम्ही चार बुकं शिकलेली माणसं. पुस्तकात तारखा असतात, त्यांच्यापुढे लाटसाहेबांची आणि पुढाऱ्यांची नावे असतात. आम्हाला दुसरा हिशेब ठाऊक आहे, खाड्यांचा. खाडा झाला की पगार कापला जातो. देशाच्या मोठ्या तारखांना गिरणगावाने किती खाडे केले, तो हिशेब आज मांडू. आम्ही म्हणजे आजा, बाप आणि आम्ही, सगळे त्यात आले.

पहिली तारीख १० जून १८९०. त्याआधी आम्हाला रविवारची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी अर्ज केले, सभा भरवल्या, तेव्हा मालकांनी ती कबूल केली. रविवारी पोराला घेऊन चौपाटीवर जाता ना? तो दिवस कुणी दान दिलेला नाही!

२२ जुलै १९०८. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या कामगाराने काय केलं? जितकी वर्षे तितके दिवस काम बंद! सहा दिवस साचे थांबले. गोऱ्या सरकारने फौज आणली, गोळ्या घातल्या.

२२ फेब्रुवारी १९४६. नाविकांनी बंड केले, त्यांच्या पाठीशी आम्ही गिरण्या बंद ठेवल्या. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे गोळीला बळी पडली. दीड वर्षाने, १५ ऑगस्ट १९४७ ला, युनियन जॅक उतरला.

आता नीट ऐका. २१ नोव्हेंबर १९५५. राज्य आपले, पोलीस आपले, आणि मागणी साधी: मराठी भाषकांचे राज्य, मुंबईसह. काँग्रेसने १९२० साली नागपुरात भाषावार प्रांत मानले होते. आंध्र १९५३ साली झाला. आम्ही मागितलं, तर फ्लोरा फाउंटनला गोळीबार! त्या दिवशी १५ जण गेले, साऱ्या लढ्यात शंभराहून अधिक. तेव्हा कुठे १ मे १९६० ला, कामगार दिनालाच, महाराष्ट्र झाला.

आणि १८ जानेवारी १९८२? ती तारीख कुठल्या कॅलेंडरात लाल नाही. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो खाडा सर्वांत लांबला. चुली विझल्या, माणसे गावाकडे परतली, गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे चढले. त्या जमिनीवर कामगाराला घर देण्याचे सरकारने कबूल केले; हजारो कुटुंबे अजून वाट पाहत आहेत. जिंकलेल्या तारखेला सुट्टी मिळते, हरलेल्या तारखेला कुणी विचारीत नाही.

म्हणून सांगणे एवढेच. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: कुठली गिरणी, कुठले खाते, किती खाडे? वहीत लिहून ठेवा. १ मे ला पोरांना हुतात्मा चौकात न्या आणि सांगा, हे राज्य आपल्या कापलेल्या पगारावर उभे आहे. ज्याच्याजवळ हिशेब आहे, तोच बाकी मागू शकतो. आपली बाकी अजून येणे आहे!

हुतात्मे अमर रहे! कामगार एकजुटीचा विजय असो!