मुदतीचा ताप आणि औषधाची मुदत



मी वैद्य नव्हे, शब्दांचा अभ्यासक आहे. म्हणून एका शब्दापासूनच आरंभ करतो. टायफॉइडला आपण ‘मुदतीचा ताप’ म्हणत आलो. रक्तात शिरलेल्या जंतूंचा हा ज्वर. मुदत भरेपर्यंत, तीन-चार आठवडे, उशाशी बसून दिवस मोजावेत, एवढेच पूर्वी घरच्यांच्या हाती असे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण सिद्ध झाला आणि मुदत रोगाकडून औषधाकडे आली.

ही नवी मुदत मात्र आपण मोजली नाही. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी फडताळात ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. आमचेही त्यांतलेच होते.

मग किती दिवस पुरेत? रक्तातील जंतुसंसर्गावर चौदा दिवस औषध देण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी होता. ‘बॅलन्स’ या चाचणीत सात देशांतील ७४ रुग्णालयांतल्या ३,६०८ रुग्णांवर तो पारखला गेला. २०२४ साली निष्कर्ष आला: नव्वद दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सात दिवस औषध घेणाऱ्यांत १४.५ टक्के, तर चौदा दिवस घेणाऱ्यांत १६.१ टक्के. म्हणजे सात दिवस उणे ठरले नाहीत. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, क्षीण झालेली प्रतिकारशक्ती, अशा रुग्णांना हा निर्णय लागू नाही. अधिक दिवस म्हणजे अधिक गुण, असेही नव्हे; अकारण लांबलेले औषध जंतूंना निर्ढावते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजातांच्या जंतुदोषावर घरीच उपचार केले. पूर्ण दिवसांच्या बाळाला जेंटामायसिन सात दिवस, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दहा दिवस. या आजारात शेकडा १६.६ बाळे दगावत. ते प्रमाण २.८ वर आल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिथे गावातलीच एक शिकवलेली बाई घरी येऊन सुई देई आणि दिवस मोजी.

जुने निसरपुर २०१९ साली सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. त्या घरांतून आजारी माणसाच्या उशाशी बसून दिवस मोजणाऱ्या आया-आज्या आता नाहीत. त्यांची ती मोजणी तरी आपण राखू या. औषध हाती घेताना डॉक्टरांना विचारावे, ‘किती दिवस?’ आणि मिळालेले उत्तर पाळावे. आपल्या मनाने एक दिवस उणा नको, एक दिवस अधिक नको.