पोटात गेलेले अंगी का लागत नाही?
(कर्जत-खालापूर भागातील एका वाडीवर दिलेले भाषण)



“पोर खाते, पण अंगी लागत नाही,” हे गाऱ्हाणे आपल्या वाड्यापाड्यांत नेहमीचेच. मग कोणी म्हणते दृष्ट लागली. कोणी भगताकडे कोंबडे नेते. कोंबडे भगताच्या पोटात जाते आणि पोर सुकतच राहते!

बांध फुटलेल्या खाचरात खत टाकले तर ते भाताला लागेल काय? आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते; अन्नरस ती शोषते. घाण पाण्याने वारंवार हगवण लागली की ही लव झिजते आणि खाल्लेले वाया जाते. त्यात जंत रक्त पितात. आषाढात कणगी रिकामी, आई पहाटेपासून लावणीला आणि पोराच्या वाट्याला पातळ पेज! तिने पोट भरते, बळ येत नाही. दिवाळीनंतर उचल फेडायला कुटुंब वीटभट्टीवर गेले की अंगणवाडीही सुटते.

हे ओळखावे कसे? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा तसाच राहिला, तर धोका मोठा समजावा. सुजेचे पोर गुटगुटीत दिसते, फसू नका. सूज, ताप किंवा अन्नावरची वासना गेलेली असेल तर भगत नको, तडक सरकारी दवाखाना गाठा. उपाशी पोराला एकदम ठासून भरवू नका; तेही जिवावर बेतते.

एरवी सहा महिने केवळ आईचे दूध. पुढे दुधासोबत दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे घट्ट अन्न द्या: नाचणीची खीर, डाळभात, अंडे, सुकट, वर चमचाभर तेल. पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा. हगवणीत दूध-अन्न तोडू नका. क्षारसंजीवनी पाजा आणि जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या करा. जंताची गोळी चुकवू नका. खाऊनही वजन वाढेना, दोन आठवडे खोकला हटेना, तर क्षयाची तपासणी करून घ्या.

अंगणवाडीचा आहार हा कोणाचा उपकार नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो सहा वर्षांपर्यंतच्या तुमच्या लेकराचा हक्क आहे. भट्टीवर गेलात तरी जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. दैवाला बोल लावू नका. आधी बांध घाला, मग खत टाका. पीक आपोआप तरारेल!