पदवी कोणाला लागते?



महाराष्ट्र शासनाने २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा काढल्या. अर्ज आले दहा लाखांच्या वर. पात्रतेची अट होती पदवीची, मग ती कोणत्याही शाखेची असो. सातबारा, फेरफार, पीक पाहणी, वसुली हे तलाठ्याचे काम मराठी वाङ्मयाच्या पदवीधराला जितके येते तितकेच रसायनशास्त्राच्या पदवीधराला येते, म्हणजे मुळीच येत नाही. ते नोकरीला लागल्यावरच शिकावे लागते. तरी पदवी हवीच. पुढच्या वर्षी पोलीस शिपायांची भरती झाली. तिथे बारावी पुरेशी होती. १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले आणि सोळाशे मीटर धावायला, गोळा फेकायला मैदानात जी पोरे उतरली त्यांत इंजिनिअर होते, एमबीए झालेलेही होते. एकीकडे कामाशी संबंध नसलेली पदवी मागितली जाते, दुसरीकडे कोणी मागितली नसताना ती खिशात घेऊन लोक रांगेत उभे असतात.

असे असेल तर तीन-चार वर्षे आणि बापाचे पैसे घालवून पदवी घ्यावीच कशाला, असा प्रश्न कट्ट्याकट्ट्यावर निघतो. उत्तरही तयार असते. बिल गेट्सने कॉलेज सोडले, सचिन कॉलेजात गेलाच नाही! गेट्स यांनी १९७५ साली सोडले ते हार्वर्ड. वडील सिअ‍ॅटलमधले नामांकित वकील, आणि शाळेतच, १९६८ साली, त्यांच्या हाताला संगणक लागला होता. राहिला सचिन. त्याचे उदाहरण देणाऱ्याने शिवाजी पार्कवर त्याच्याच वयात तितकाच घाम गाळलेली बाकीची मुले आज काय करतात, याचीही चौकशी करावी. ही दोन नावे बाजूला ठेवलेली बरी. महाराष्ट्रात याहून बोलकी माणसे होऊन गेली आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग ओळखू येत नाहीत असे निघाले आणि चित्रकला सुटली. यंत्रांची रेखाचित्रे मात्र उत्तम जमत. त्या जोरावर व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले, तशी नोकरी सोडून ते बेळगावला परतले आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या दुकानात उभे राहिले. पुढे कडबा कापायचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावातली कारखान्याची जागाही हातची गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला, कर्जही दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

या गोष्टीत पदवी कुठेच नाही. मात्र भाऊ आहे, राजा आहे, जमीन आहे, कर्ज आहे. शिवाय आणखी एक तपशील आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. याच लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव याला शिकायला पाठवले ते थेट अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. शंतनुराव १९२६ साली तिथले यांत्रिकी पदवीधर झाले. पदवीवाचून कारखाना उभारलेल्या माणसाने पोराच्या बाबतीत ती जोखीम घेतली नाही.

हे एकट्या किर्लोस्करांचे नव्हे. त्यांचे नांगर गावोगाव विकणारा एक फिरता विक्रेता होता. कोल्हापूरला शिकला, पण मॅट्रिकच्या पलीकडे गेला नाही. ओगले, किर्लोस्कर, कूपर अशा कारखान्यांसाठी तो हिंडला आणि हिंडता हिंडता खेड्यातली पोरे शाळेवाचून कशी राहतात ते पाहत गेला. त्याचे नाव भाऊराव पाटील. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला घालण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मुलांनी काम करायचे आणि शिकायचे. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी ते गेले.

वसंतदादा पाटील तिसरे. औपचारिक शिक्षण अगदी बेताचे, उमेदीची वर्षे स्वातंत्र्यलढ्यात आणि तुरुंगात. पण १९८३ साली मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली ती त्यांनीच. तोवर मराठी मुलगा इंजिनिअर व्हायला कर्नाटकात देणगी भरून जात असे. त्या एका निर्णयाने गावागावातून इंजिनिअर निघाले, पुण्यामुंबईपासून कॅलिफोर्नियापर्यंत गेले. त्याच निर्णयातून शिक्षणसम्राटही निघाले, आणि प्रयोगशाळेत यंत्र नाही, वर्गात शिक्षक नाही अशी महाविद्यालयेही निघाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

स्वतः पदवी न घेतलेल्या या मंडळींनी इतरांच्या पदवीसाठी आयुष्य किंवा सत्ता पणाला लावली. त्यांना पदवीची किंमत कळली ती तिच्यावाचून वावरताना.

आता चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी जाऊ. तिथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास त्यांच्या बांधीत पटेल जातीचे धान उभे होते. त्यात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, जरा पिवळसर. दुसऱ्या कोणी त्या भेसळ समजून उपटल्या असत्या. दादाजींनी त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यातल्या चांगल्या निवडल्या, पुन्हा पेरल्या. वर्षानुवर्षे हेच. अखेर बारीक दाण्याचे, चवीला सरस, उतारा चांगला देणारे वाण हाती आले. एका व्यापाऱ्याने बियाणे नेले. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाचे अप्रूप होते. धानाला तेच नाव पडले. आज पूर्व विदर्भात, छत्तीसगडात आणि त्याच्याही पलीकडे एचएमटी तांदूळ माहीत नाही असे घर सापडणार नाही.

वनस्पतिशास्त्राचा पदवीधर ज्याला निवड पद्धत म्हणतो, तीच ही. काम तेच, शिस्त तीच.

१९९४ साली कृषी विद्यापीठाने हे बियाणे नेले, शुद्ध केले आणि १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी या नावाने प्रसारित केले. दादाजींच्या हाती त्यातून काही आले नाही. शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येईल असा कायदा देशात झाला तो २००१ साली, म्हणजे वेळ टळून गेल्यावर. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव छापले. आणि २०१८ च्या जूनमध्ये हा माणूस आजारपणात, हलाखीतच गेला.

किर्लोस्कर आणि खोब्रागडे, दोघांनाही पदवी नव्हती. दोघांची नजर आणि चिकाटी एकाच तोलाची. एकाच्या पाठीशी राजा उभा राहिला, दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नव्हते. म्हणून ‘पदवी लागते का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. विचारणाऱ्याच्या घरात काय आहे ते आधी पाहावे लागते. ज्याचे दुकान, जमीन, ओळखीपाळखी आहेत त्याला पदवीवाचून अडत नाही. तो नापास झाला तरी गल्ल्यावर बसतो. ज्याच्या घरात यातले काहीच नाही, त्याला अनोळखी दारात आपण कोण हे सांगायला दुसरा कागद नसतो. पदवीची टिंगल करायला परवडते ती पहिल्याला.

अर्थात कागद दाखवला की दार उघडतेच असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा मुंबईची बी.ए. आणि कोलंबियाची एम.ए. त्यांच्यापाशी होती. शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत उतरले, तिथूनही बाहेर काढले गेले; कचेरीत शिपायांनी विटाळ पाळला. पदवीने काय होत नाही हे त्यांच्याइतके कोणी सोसले नसेल. तरी त्यांनी पुढे लंडनची डी.एस्सी. घेतली, बॅरिस्टर झाले, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्यांचा हिशेब पहिल्या पगाराचा नव्हता, पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा होता.

आजचा हिशेब काय सांगतो? अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२३ साली देशातल्या रोजगारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर दिसते. हा आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला. त्याच अहवालातला दुसरा आकडा मागे पडला: पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांत बेरोजगारी ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे काम लागते, उशिरा लागते, आणि ते शिकलेल्या विषयातले असेलच असे नाही. शिवाय निरक्षर मजूर या आकड्यांत पदवीधरांइतका बेकार दिसत नाही, कारण आज काम न मिळाल्यास उद्या मिळेल ते त्याला करावेच लागते. वाट पाहत बसण्यासाठी घरी चूल पेटती लागते.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्याबद्दल वाद नाही. तिथे पदवीवाचून सनद नाही. सीएचे मात्र अनेकांना माहीत नसते. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटर, आर्टिकलशिप, फायनल. या वाटेने विद्यापीठाची पदवी न घेताही सीए होता येते. आणि लग्नाच्या बाजारात पदवी लागते ती वेगळ्याच कारणाने. तिथला ‘मुलगा ग्रॅज्युएट हवा’ हा आग्रह कोणत्याही भरतीपेक्षा कडक आहे, त्याला कोणता आयोग काय करणार!

खरी गंमत पाहायची तर भोसरीच्या एमआयडीसीत जावे. व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आयटीआय झालेला मुलगा उभा असतो. जॉब बेडवर बांधतो, डायल लावून सरळ आहे का पाहतो, झीरो घेतो, मग प्रोग्राम सुरू. मध्येच कापण्याचा आवाज किंचित बदलतो. शेजारी उभ्या पाहुण्याला काही कळत नाही. त्याला कळते की इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, गेला. मशीन थांबवून तो इन्सर्ट बदलतो, मायक्रोमीटर लावतो, ऑफसेटमध्ये दोन शतांश मिलिमीटरचा फरक करतो आणि पुढे जातो. हे काम वर्गात शिकवता येत नाही. नवा इंजिनिअर याच मुलाकडून ते शिकतो आणि दोन-तीन वर्षांत त्याचा साहेब होतो. उलटा प्रवास मात्र अडतो. ऑपरेटरचा सेटर होतो, सेटरचा सुपरवायझर होतो, मग बढतीच्या कागदावर शिक्षणाची अट येते आणि पाऊल थांबते. हाताला सगळे येत असते, पण वरच्या खुर्चीसाठी कंपनीला कागद लागतो. कंपन्यांनी ही अट ढिली करायला हवी. तोवर कागद मिळवणे शहाणपणाचे.

तो मिळवायची वाट आहे, फक्त घराघरांत ती ठाऊक नसते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. नोकरी सोडता येत नसेल त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आधी हात तयार करून कमवायला लागायचे आणि पदवी मागाहून घ्यायची, हा क्रम ज्या घरात पहिली कमाई लवकर हवी आहे तिथे बरा पडतो.

आणि ज्या पालकांना मुलाला सरळ खासगी महाविद्यालयातच घालायचे आहे, कर्ज काढून किंवा एकर-दोन एकर विकून, त्यांनी इमारत आणि बस पाहून पैसे भरू नयेत. मागच्या तीन वर्षांतली मुले कोणत्या कंपनीत, किती पगारावर लागली, त्याची यादी कार्यालयात मागावी. यादीतल्या दोन-तीन मुलांना गाठून स्वतः विचारावे. यादी दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी न भरता घरी यावे.