बोळक्यातला चहा



आज तुम्ही पदवी घेताय. पदवीचं मोल मी सांगत बसत नाही. ती मिळवायला काय काय लागलं, हे तुम्हाला आणि मागच्या रांगांमध्ये बसलेल्या तुमच्या माणसांना पुरतं ठाऊक आहे. मला आज एका क्रिकेटपटूबद्दल बोलायचंय. त्यांचं नाव बाळू पालवणकर.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे गृहस्थ पुण्यात, गोऱ्या साहेबांच्या क्लबवर महिना 4 रुपये पगारावर कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, सरावाची जाळी बांधायची आणि साहेब आले की त्यांना चेंडू टाकायचे. बॅट हातात क्वचितच मिळायची. चेंडू टाकून टाकून त्यांची डावखुरी फिरकी अशी काही बसली, की त्या क्लबचा नावाजलेला फलंदाज कॅप्टन ग्रेग बाकीच्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि एकटाच त्यांच्यासमोर सराव करायचा.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळू चर्मकार समाजातले. त्यांना घ्यावं की नाही यावर बराच खल झाला आणि शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये बसून कपातून चहा घेत. बाळूंना मात्र बाहेर, पिऊन झालं की फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात. जेवणाचं ताट वेगळं, टेबलही वेगळं. हाततोंड धुवायचं तर मैदानाच्या एका कोपऱ्यात दुसरा अस्पृश्य नोकर पाणी घेऊन यायचा.

मी या चहापाशी थोडा थांबतो, कारण आत बसलेली माणसं बाळूंची शत्रू नव्हती. ती त्यांची चाहती होती. बळी पडला की जोरात ओरडणारी, मित्रांना त्यांच्या फिरकीचं वर्णन करून सांगणारी. त्यांना बाळूंचा हात हवा होता, पण त्याच हाताने धरलेला कप परत घ्यायला ती तयार नव्हती. ‘अस्पृश्य’ हा शिक्का बाळूंच्या कपाळी मारलेला होता खरा, पण त्यांच्या गोलंदाजीत त्याने एका चेंडूचाही फरक पडला नाही. तोकडं ठरलं ते कौतुक. तुम्ही आमच्यासोबत खेळू शकता, बसू शकत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाने आपल्या आवडीलाच कुंपण घातलेलं असतं. न्यायमूर्ती रानड्यांना हे दिसलं होतं. त्यांनी पुण्यातल्या मंडळींना स्पष्ट सांगितलं, की बाळूंसोबत खेळता तर त्यांच्यासोबत खा-प्यायलाही हवं.

1911 मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच होती, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्यात तरुण भीमराव आंबेडकर पुढे होते. शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेला हा मुलगा. पुढे 1937 च्या निवडणुकीत दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बाबासाहेब जिंकले, म्हणजे कौतुक केलं म्हणून जन्मभर मतं जुळलीच पाहिजेत असं नाही. पण 1911 मध्ये त्या तरुणाने ज्याला मोठं मानलं, त्या माणसाने स्वतःला बोळक्याच्या मापाने मोजलं असतं तर? ‘मी कसला खेळाडू, साहेबांची मेहेरबानी’ असं बाळू म्हणाले असते, तर त्या सत्कारातल्या प्रत्येक माणसाची पारख त्यांनी खोटी पाडली असती.

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. तुमच्यातले अनेक जण आज, मार्क किती पडले असं कुणी विचारलं, की लगेच ‘नशीब हो’, ‘पेपर सोपा होता’, ‘सरांनी सांभाळून घेतलं’ असं म्हणतात. आपल्याला वाटतं, हा विनय. पण मग ज्या आजीने तुमच्या फीसाठी पाटल्या मोडल्या, तिने काय चुकीच्या ठिकाणी पैसे घातले? ज्या बाईंनी शाळा सुटल्यावर तुमच्या वह्या तपासल्या, त्यांना काय माणसं ओळखता येत नव्हती? तुम्ही स्वतःला कमी लेखता तेव्हा त्या लोकांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवता. विनय ठेवा, जरूर ठेवा. पण त्यांची साक्ष रद्द करू नका.

शिक्के तुमच्यावरही आहेत. कोट्यातली. झेडपीच्या शाळेतला. मराठी मीडियम. एटीकेटीवाला. बारावीत एकदा राहिलेली. यातला प्रत्येक शब्द मी या विद्यापीठाच्या व्हरांड्यात ऐकलाय, आणि फार वाईट गोष्ट म्हणजे तो ज्याचा त्याच्याच तोंडूनही ऐकलाय. लोक शिक्का मारतात हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं काम आपण आपल्या हाताने करतो, तेव्हा मला खरोखर त्रास होतो.

पालवणकर बंधूंनी ते काम केलं नाही. बाळू, शिवराम, विठ्ठल, गणपत असे चौघे भाऊ. सगळे हिंदू संघाकडून खेळले आणि कर्णधारपद मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या जातीमुळे दुसऱ्यांकडे जात राहिलं. 1920 मध्ये बाळूंना संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढलं आणि खेळायला नकार दिला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ते दोघे संघात होते, त्यांची जागा पक्की होती, तरी आपल्या थोरल्या भावाचा अपमान त्यांनी स्वतःचा मानला. ज्याला आपण मानतो त्याच्यावर मारलेला शिक्का आपल्यावरही बसतो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या दबावाचा परिणाम झाला. बाळू संघात परत आले आणि 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी संघ जिंकलाही.

पुढच्या काही आठवड्यांत तुमच्या मुलाखती सुरू होतील. समोरची व्यक्ती तुमच्या शाळेचं नाव विचारेल, गाव विचारेल, मधलं एखादं वर्ष का गेलं ते विचारेल. नाव सांगताना आवाज खाली आणू नका. शाळेचं नाव पूर्ण सांगा, गावाचा तालुकाही सांगा, आणि तिथे तुम्हाला कुणी शिकवलं असं विचारलं तर त्या बाईंचं किंवा गुरुजींचं नाव घ्या. आणि उद्या तुमच्या हाताखाली कुणी काम करू लागलं, त्याचं काम तुम्हाला आवडलं, तर ते केबिनमध्ये बोलावून हळूच सांगू नका. सगळ्यांसमोर सांगा, आणि चहाला तुमच्याच टेबलाशी बसवा.