राडोमचं पिस्तूल

अमेरिकेत राहायचं, पण घरात बंदूक आणायची नाही, असं आमच्याकडे ठरलेलं होतं. ते मोडलं मीच. २००८ साली ओहायोतल्या एका दुकानात पोलंडहून आलेली ‘पी-६४’ जातीची जुनी पिस्तुलं दिसली. कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये गेली, १९९९ मध्ये पोलंड नाटोत आला, आणि जुन्या सोव्हिएत मापाची ही हत्यारं मोडीत निघाली. किंमत दोनशे डॉलरच्या आत. सौभाग्यवतींनी अट घातली : पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात, आणि दुसरी किल्ली माझ्याकडे. ती आजही त्यांच्याकडेच आहे!

पिस्तुलाचं वजन सुमारे ६२० ग्रॅम, आत सहा काडतुसं. कोटाच्या खिशात सहज मावतं. बाळगायला सोपं, झाडायला महाकठीण. पहिल्या गोळीचा चाप इतका जड, की बोट थरथरतं आणि नेम खाली घसरतो. पुढच्या गोळ्यांना घोडा आपोआप मागे येतो, म्हणून चाप हलका. पण धक्का असा बसतो की तळहात झिणझिणतो. काडतूसही फसवं. नाव नऊ मिलिमीटर, गोळी मात्र जवळजवळ ९.३ मिलिमीटरची, त्यामुळे नेहमीचं नऊचं काडतूस यात चालत नाही. हलकी स्प्रिंग बसवून चाप सैल करतात पुष्कळजण. मी केला नाही. मुलं घरात होती, जड चाप बरा वाटला.

पिस्तुलावर लंबगोलात ११ हा आकडा आहे, शेजारी १९७४. अकरा म्हणजे राडोम शहरातला शस्त्रकारखाना. २५ जून १९७६ रोजी अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध याच कारखान्यातले कामगार सर्वांत आधी रस्त्यावर उतरले. सरकारने दरवाढ मागे घेतली, पण पकडलेल्यांना लाठीधारी पोलिसांच्या दोन रांगांमधून पळवत मारलं. या प्रकाराला नाव पडलं होतं ‘आरोग्याची वाट’. त्या पोलिसांनाही पी-६४ च दिलेली असत. माझं पिस्तूल ज्यांनी घडवलं, त्यांतले किती त्या रांगांमधून गेले असतील?

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एक वयस्कर पोलिश गृहस्थ येत. एकदा मी हौसेने पिस्तूल त्यांच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा लावून शिक्का वाचला, अंगठा फिरवला, आणि एकही गोळी न झाडता ते परत केलं. काही बोलले नाहीत.

मी मात्र उरलेली काडतुसं संपवूनच घरी आलो.